अ‍ॅनिमेच्या निर्मिती समित्यांना खुले पत्र: शिनराला जे दिलंत ते तामाकीला का नाही?

प्रति,
अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेच्या निर्मिती समित्या, दिग्दर्शक आणि स्टोरीबोर्ड काढणारे कलावंत,
टोकियो, जपान

सप्रेम नमस्कार.

‘फायर फोर्स’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या (म्हणजे अ‍ॅनिमेतल्या) तामाकी कोतात्सुबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मालिका 2019 साली सुरू झाली. मी पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांना स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, शिकवते, त्यामुळे तुमची कामं नुसती बघत नाही, एकेक फ्रेम थांबवून बघते. इतकी वर्षं बघते आहे ते मनापासून आवडतं म्हणूनच, आणि हे पत्रही त्याच आवडीपोटी आहे. माझी तक्रार फॅनसर्व्हिसची आहे, म्हणजे कथेला गरज नसताना प्रेक्षकांना खूश करायला मुलींची शरीरं दाखवण्याची. तामाकीचं नाव घेतलं आहे, पण ती एकट्या त्या मालिकेपुरती नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या जगात माणसं अचानक आपोआप पेट घेतात आणि त्यांचे राक्षस होतात. त्यांना विझवायचं काम अग्निशमन दलाचं. विझवणं म्हणजे इथे एका परीने मारणंच, म्हणून दलासोबत प्रार्थना म्हणणारी जोगीण असते. मृत्यू इतक्या आदराने हाताळणारी अ‍ॅक्शन मालिका क्वचित सापडते. नायक शिनरा कुसाकाबे. तो घाबरला किंवा ताणाखाली आला की त्याच्या चेहऱ्यावर आपोआप एक विकट हसू येतं. लहानपणी घराला आग लागली, त्यात आई आणि धाकटा भाऊ गेला, आणि जळत्या घरातून बाहेर आलेला हा मुलगा हसत होता. लोकांनी त्याला सैतान ठरवलं. त्याच्या शरीराने त्याच्या मनाविरुद्ध काहीतरी दाखवलं आणि जगाने तेवढंच खरं मानलं. किती मोठी कल्पना आहे ही! तुम्ही ती पुरेपूर वापरलीत. शिनराचं हसू दिसलं की आपण दात बघत नाही, दातांमागची भीती बघतो.

आता तामाकी. वय सतरा, शिनराच्याच वयाची. तिच्याही शरीराच्या बाबतीत तिच्या मनाविरुद्ध काहीतरी घडतं. ती जिथे जाईल तिथे कपडे सुटतात, कुणीतरी तिच्या अंगावर पडतं, कुणाचा तरी हात नको तिथे लागतो. मालिका याला तिचं नशीब म्हणते, जन्मजात खोड म्हणते. नीट पाहिलं तर शिनराचा आणि तिचा भोग एकच आहे. तिच्या शरीराबद्दल लोक जे समजतात ते तिने कधी म्हटलेलंच नसतं. तरीही त्याच्या वाट्याला कथा आली आणि तिच्या वाट्याला विनोद.

रेक्का होशिमियाचा प्रसंग आठवा. अग्निशमन दलाच्या पहिल्या तुकडीतला हा अधिकारी, तामाकीचा आदर्श. त्याने सांगितलं म्हणून ती लहान मुलांना गोळा करून आणते. तो त्या मुलांच्या शरीरात किडे सोडून त्यांना पेटवतो आहे, हे तिला माहीत नसतं. कळतं तेव्हा तो तिलाही मारहाण करतो. ज्याच्यावर जीव टाकला तो खुनी निघाला, आणि त्याच्या पापात आपलाही हात लागला, हे एका सतरा वर्षांच्या मुलीला एकाच क्षणी उमगतं. एखादा लेखक अशा क्षणासाठी वर्षभर थांबेल. तुमच्याकडे तो होता, तिच्या आवाजातलं रडणंही खरं होतं. पण अंगावर तोच उघडा कोट आणि तीच बिकिनीसारखी चोळी, आणि ‘हिच्याकडे असंच बघायचं असतं’ ही आधीच्या भागांनी आम्हाला लावलेली सवय. तुम्हीच सात-आठ भाग खपून लावलेली सवय एका सीनपुरती जा म्हटल्याने जात नाही. पुढे एका लढाईत तिचं हे ‘नशीब’च शत्रूला नामोहरम करतं, आणि तेही पुन्हा हसण्यावारी. आपल्याच शरीराशी चाललेलं मुलीचं भांडण तिथे तरी तिच्या बाजूने सुटू शकलं असतं. तीही संधी गेली.

त्याच मालिकेत माकी ओझे आहे, सैन्यातून आलेली. तिचे दंड, तिची पाठ, तिचे स्नायू तुम्ही किती मायेने काढलेत. ते शरीर कमावलेलं आहे, ते कशासाठी कमावलं आहे हे बघताक्षणी कळतं. म्हणजे हात तुमचे, जाण तुमची, दोन्ही तिथे आहेत.

हे वाचून आमच्याकडचे काही लोक लगेच म्हणतील, बरोबर आहे, असल्या गोष्टींवर बंदीच घाला. त्यांच्या रांगेत मला उभं करू नका. 2008 साली भारतात ‘शिन-चॅन’वर बंदी आली होती, आणि पुढे तो कात्री लावून परत आला. कात्रीला प्रसंग कळत नाही. तिला कापड दिसतं आणि कातडी दिसते, एवढंच. मला अंग झाकलेलं अ‍ॅनिमे नको आहे. शरीर हा अ‍ॅक्शनचा गाभाच आहे. मार शरीराला बसतो, थकतं ते शरीर, वासना आणि लाज शरीरातच राहतात. उघडं शरीर दाखवून तुम्ही कधी कधी जे सांगितलंत ते झाकून सांगताच आलं नसतं.

‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’मधली रिझा हॉकाय घ्या. हिरोमु आराकावा यांच्या मांगावरची (जपानी चित्रकथेवरची) 2009-10 ची ही मालिका. रिझाच्या वडिलांनी अग्निविद्येचं सगळं संशोधन मुलीच्या पाठीवर गोंदवून ठेवलेलं असतं. ती विद्या ती विश्वासाने रॉय मस्टँगला देते, आणि तो इश्वालच्या युद्धात त्याच विद्येने माणसं जाळतो. युद्ध संपतं. रिझा एका इश्वाली मुलासाठी एकटीच कबर खणत असते. रॉय तिच्यामागे येऊन उभा राहतो आणि ती त्याला म्हणते, माझी पाठ जाळ, असा आणखी कुणी निपजायला नको. तिची उघडी पाठ आपल्याला दिसते. त्या पाठीवर बापाचा हट्ट आहे, प्रियजनाचं पाप आहे आणि तिचं स्वतःचं प्रायश्चित्त आहे. ही फ्रेम बघताना कुणाच्याही मनात दुसरं काही येत असेल असं मला वाटत नाही. पाठ तेवढीच उघडी, रेषा तितक्याच नाजूक, पण तिथे बघणारा रिझासोबत उभा असतो.

आणि ज्यांना वाटतं की फॅनसर्व्हिस आणि खोली ही दोन वेगळी खाती आहेत, एक खालच्या प्रेक्षकांचं आणि एक वरच्या, त्यांनी ‘चेनसॉ मॅन’मधला डेंजी पुन्हा बघावा. तात्सुकी फुजिमोतो यांचा हा मुलगा मला फार जवळचा वाटतो. बापाचं कर्ज डोक्यावर, शिक्षण नाही, घर म्हणजे पत्र्याची खोपट, सोबतीला एक कुत्र्यासारखा सैतान. पावाला जाम लावून खायला मिळावं, हे त्याचं स्वप्न. त्याच्या पुढचं स्वप्न म्हणजे एखाद्या मुलीच्या छातीला हात लावता यावा. मालिका हे सुरुवातीला अगदी नेहमीच्या फॅनसर्व्हिसच्या थाटात मांडते. पॉवर नावाच्या सहकारी मुलीची मांजर वाचवायला तो जिवावर उदार होतो, कारण तिने तसा सौदा केलेला असतो. सौदा पुरा होतो. बाथरूममध्ये पॉवर मोजून तीनदा हात लावू देते, मधेच कपड्यांतून पॅड काढून बाजूला ठेवते, आणि झालं म्हणून निघून जाते. डेंजी तिथेच राहतो. त्याला काहीच वाटलेलं नसतं. ज्याच्यासाठी मरायला निघालो होतो ते हेच का, हा प्रश्न त्या सोळा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतो आणि बघणाऱ्याच्या पोटात तुटतं.

मग तो आपल्या वरिष्ठ माकिमाला विचारतो. ती त्याचा हात हातात घेऊन सांगते, समोरचं माणूस जितकं ओळखशील तितकं हे सुख वाढतं. बोटं केवढी आहेत ते बघ, तळवा गरम आहे की गार ते बघ. ती त्याच्या बोटाला हलकेच चावते आणि हा चावा लक्षात ठेव म्हणते. हा सीन विलक्षण मादक आहे, मी नाकारणार नाही. पण तो मादक असतानाच एका अनाथ मुलाला माया म्हणजे काय हे पहिल्यांदाच कुणीतरी शिकवतं आहे, आणि शिकवणारी व्यक्ती त्याच मायेचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवते आहे. पुढची कथा माहीत असलेल्यांना दुसऱ्यांदा बघताना त्या चाव्याची भीती वाटते. वासना, भूक, एकटेपणा आणि गुलामी एका सीनमध्ये! इथे शरीर कथेतून वेगळं काढून दाखवा बरं. मी वर्गात हा सीन घेतला तेव्हा मुलं सुरुवातीला खिदळली, आणि डेंजी बाथरूममध्ये एकटा उरला तेव्हा एकही आवाज नव्हता.

‘किल ला किल’बद्दल माझं मत इतकं सरळ नाही. 2013 साली ट्रिगर स्टुडिओत हिरोयुकी इमाइशी आणि लेखक काझुकी नाकाशिमा यांनी या प्रश्नाला बगल न देता तो सरळ अंगावर घेतला. कपडे हीच सत्ता, गणवेश हीच उतरंड, आणि ऱ्युको मातोईला लढायचं तर तो अंगभर न पुरणारा वेश घालावाच लागतो. तिला लाज वाटते तोवर तिची ताकद वाया जाते. समोर सात्सुकी किऱ्युइन तसाच वेश घालून उभी राहते आणि ठणकावते की माझ्या ध्येयापुढे तुमच्या नजरेला काडीची किंमत नाही. बघणाऱ्यानेच शरमावं अशी ती उभी असते. हे धाडस मला आजही मोठं वाटतं. सात्सुकीची आई रागयो तिला स्नानगृहात हात लावते तो प्रसंग तर अंगावर काटा आणतो, आणि सात्सुकी पुढे जे बंड करते त्याचं मूळ तिथे स्पष्ट दिसतं. पण प्रश्न विचारून झाल्यावरही कॅमेरा सुधारत नाही. दर लढाईत वेश चढवतानाचं तेच दृश्य, त्याच जागांवर थांबणारी तीच नजर. ऱ्युकोची लाज सुटली, आता आम्ही मनसोक्त बघायला मोकळे, असा त्याचा अर्थ झाला. मुलीने लाज टाकणं ही तिची मुक्ती असेल, पण बघणाऱ्याला मिळालेला तो परवाना नव्हे. हा फरक मालिकेने शेवटपर्यंत पाळला असता तर मी ती डोक्यावर घेतली असती.

‘सेव्हन डेडली सिन्स’वर जास्त लिहीत नाही. मेलिओदास आणि एलिझाबेथची गोष्ट तीन हजार वर्षांच्या शापाची आहे. ती पुन्हा पुन्हा जन्मते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मरते. इतकं दुःख उराशी घेऊन जगणारा माणूस पहिल्याच भेटीत बेशुद्ध मुलीच्या छातीवर हात टाकतो, आणि पुढे तेच विनोद म्हणून चालू राहतं. शाप उलगडतो तेव्हा मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही.

याचा परिणाम कुठवर जातो ते सांगते. माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने कबड्डीवर स्टोरीबोर्ड केला होता. ती स्वतः शाळेत असताना खेळलेली आहे. शेवटची चढाई, तीन जणींनी पकड केलेली, आणि तिची नायिका मध्यरेषेकडे घसटत निघाली आहे. प्रसंग तिला आतून माहीत होता. श्वास कुठे तुटतो, गुडघा कुठे सोलतो, सगळं. तरीही निम्म्या फ्रेममध्ये कॅमेरा नायिकेच्या मागे, जमिनीलगत, कमरेकडे वर बघत ठेवलेला. मी विचारलं, इथून कोण बघतंय? ती जरा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, अ‍ॅक्शनमध्ये अँगल असाच असतो ना?” जिने स्वतःच्या गुडघ्यांवर ती माती घेतली आहे, तिला स्वतःचाच खेळ परक्याच्या डोळ्यांनी काढावासा वाटला, कारण चांगलं अ‍ॅक्शन असंच दिसतं हे ती तुमच्याकडून शिकली. मग आम्ही कॅमेरा तिच्या बोटांजवळ आणला. रेषेपासून वीतभर अंतरावर ताणलेली बोटं, नखांत माती, मागे धूसर तीन चेहरे. तणाव एकदम दुप्पट झाला.

म्हणूनच ‘डीमन स्लेयर’मधल्या मित्सुरी कान्‌रोजीबद्दल मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात. तिची पूर्वकथा 2023 च्या हंगामात आली तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी मुलींनी ती एकमेकींना पाठवली. विलक्षण ताकद, प्रचंड भूक, गुलाबी-हिरवे केस. लग्नासाठी बघायला आलेला मुलगा तोंडावर सांगतो की असल्या मुलीशी अस्वल, डुक्कर नाहीतर बैलच लग्न करतील. मग ती केस काळे करते, कमी जेवते, नाजूक असल्याचं सोंग आणते. आमच्याकडे कांद्यापोह्यांच्या कार्यक्रमात ताटातला दुसरा पोहा न उचलणाऱ्या मुलींना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आपण आहोत तशाच कुणाला तरी आवडू, या आशेने ती राक्षसांशी लढायला येते. आणि अशा मुलीच्या अंगावर कोणता गणवेश? छाती उघडी टाकणारा. मूळ मांगात याचा खुलासाही आहे की गणवेश शिवणाऱ्याने मुद्दाम तसा शिवला, आणि तिच्यासोबत लढणाऱ्या शिनोबूला तसलाच दिला तेव्हा तिने तो त्याच्यासमोर जाळून टाकला. म्हणजे त्या जगातल्या बायकांनाही हे खटकतं, हे लेखणीला माहीत आहे! मित्सुरीने तो का घातला, कुणाला नाही म्हणण्याची तिला भीती वाटते का, हे तिच्या स्वभावातून किती सुंदर आलं असतं. ते तळटीपेत राहिलं आणि उघडी छाती पडद्यावर आली.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पैसा. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले मिळून समिती करतात, पैसे घालतात, आणि ते कुठूनतरी परत यायला लागतात. एके काळी ते डिस्कमधून यायचे. रात्री उशिरा मालिका दाखवायची, आंघोळीच्या सीनवर वाफ आणि पांढऱ्या प्रकाशाचे पट्टे टाकायचे, आणि डिस्कवर ती वाफ काढून टाकली आहे असं सांगून विकायचं. दोन-तीन भागांच्या डिस्कला हजारो येन मोजणारे थोडे चाहते मालिका तारून न्यायचे. तेव्हा तुमच्यावर काय दडपण असेल हे मी समजू शकते. पण तो हिशेब आता उरलेला नाही. 2023 मध्ये अ‍ॅनिमेची परदेशातली उलाढाल जपानमधल्या उलाढालीच्या पुढे गेली. आम्ही आता महिन्याची वर्गणी भरून बघणारे लोक आहोत. अनेकदा घरच्यांसोबत, दोन खोल्यांच्या घरात, एकाच टीव्हीवर. 2020 मध्ये ‘डीमन स्लेयर’च्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटाने जपानच्या तिकीटबारीचा विक्रम मोडला तो त्यातल्या रेंगोकू या योद्ध्याच्या मरणावर, कुणाच्या अंघोळीवर नव्हे. ‘जुजुत्सु कायसेन’मधली नोबारा कुगिसाकी लढता लढता ओरडून सांगते की नटलेली मी मला आवडते आणि ताकदवान होऊ पाहणारी मीही मला आवडते. तिच्यासाठी मुली वेड्या आहेत. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये हातात हातोडा घेतलेल्या नोबारा दिसतात, त्यांना तो वेश कुठेही बदलून शिवावा लागत नाही.

तेव्हा मागणी अगदी कामाच्या टप्प्यावरची आहे. स्टोरीबोर्ड मंजूर करायला बसाल तेव्हा प्रत्येक अशा फ्रेमला विचारा, इथून कोण बघतंय. कथेतलं कुणी बघत असेल, डेंजीसारखं भुकेलं किंवा रागयोसारखं क्रूर, तर खुशाल दाखवा, आम्ही डोळे मिटणार नाही. कथेतलं कुणीच बघत नसेल तर कॅमेरा हलवा. पात्र तुटतं, हरतं किंवा ठरवतं तो क्षण तरी निव्वळ त्याचा राहू द्या, आणि त्या क्षणाआधीच्या भागांत त्याच्याकडे बघायची कोणती सवय आम्हाला लावता आहात याचाही विचार करा. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत तडजोड नको. तामाकी सतरा, ऱ्युको सतरा. त्यांचं वय कथेतच लिहिलेलं आहे, ते तुम्हीच लिहिलं आहे. वासनेबद्दल सांगायचं असेल तर तुमच्याकडे मोठ्या वयाची पात्रं आहेत आणि ती कशी रंगवायची हे तुम्हाला येतं. या मुलींकडे त्या नजरेने बघणारा कॅमेरा पुढच्या मालिकेपासून बंद करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक अ‍ॅनिमेशन शिक्षिका